शेतावरच्या कोयोटीची शिकार: बंदूक सगळ्यात शेवटी घ्या

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, म्हणजे ज्वारीच्या मुलखातला, आणि आता बरीच वर्षं कॅन्ससमध्ये विचिटाला विमानांच्या कामात आहे. गंमत म्हणजे कॅन्सस हे अमेरिकेतलं ज्वारीचं एक नंबरचं राज्य, इथे तिला मायलो म्हणतात, फक्त ताट कमरेएवढं आणि काढणी कंबाइनने. आणि रानात रात्री कोल्हेकुई पण तशीच, फक्त इथला जो ओरडतो तो कोल्हा नाही, कोयोटी, कोल्ह्या-लांडग्याच्याच कुळातलं इथलं रानटी जनावर. शहरातले लोक "कायोटी" म्हणतात, शेतकरी "कायोट" म्हणतात, तुम्ही शेतकऱ्याशी बोलताना कायोटच म्हणा.

मला दर थंडीत दोन-तीन जण तरी विचारतात की शिकार सुरू करायचीय, कुठली रायफल घेऊ. प्रश्नच उलटा आहे. माझ्या पहिल्या थंडीत माझ्याकडे बंदूक चांगली होती, दुर्बीण चांगली होती, आणि अकरा वेळा रानात बसून एक शेपूट दिसली नाही. म्हणून खाली क्रम लावलाय तो मी जसा केला तसा नाही, जसा करायला हवा होता तसा.

(भारतात हे काही करायचं नाही हे सांगायला नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. हे सगळं कॅन्ससपुरतं, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम वेगळे.)

आधी कागद

आपल्या लोकांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथल्या गोऱ्या मित्रांना हे माहीतच नसतं कारण त्यांना कधी गरज पडली नाही. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूस पण जवळ बाळगायला मनाई आहे. मित्राची बंदूक नेमबाजीच्या रेंजवर पाच मिनिटं हातात घेतली तरी ते बाळगणंच. कायद्यात मोजकेच अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. म्हणजे लायसन्स आधी, बंदुकीला हात नंतर, आणि लायसन्सची मुदत संपली की अपवाद पण संपला, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. तरी व्हिसावर असाल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच, एका फोनची फी जाईल पण झोप लागेल.

लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स. कॅन्ससमध्ये १ जुलै १९५७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो लागतो, म्हणजे हे वाचणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनाच. बराचसा अभ्यास घरबसल्या होतो. कंटाळवाणा वाटेल पण करा मन लावून, त्यातला कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची हा भाग मला प्रत्यक्षात रोज लागतो. कोर्सआधी नुसतं बघायचं असेल तर अप्रेंटिस लायसन्स मिळतं, पण मग सोबत लायसन्स असलेला मोठा माणूस सतत पाहिजे.

कोयोटीला इथे सीझन नाही, वर्षभर चालू, संख्येची मर्यादा नाही. थर्मल, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणाऱ्या दुर्बिणीने रात्री मारायला २०२१ पासून परवानगी आहे पण त्याचं परमिट वेगळं आणि अटी वेगळ्या. नवख्याने त्या नादी लागू नये, दुर्बिणीलाच हजारो डॉलर जातात आणि अंधारात कोयोटी कुठला आणि शेतकऱ्याचा कुत्रा कुठला हे ओळखायला डोळा तयार लागतो.

मग जमीन, म्हणजे खरं तर माणूस

कॅन्ससमध्ये जवळजवळ सगळी जमीन खाजगी आहे. वॉक-इन हंटिंग म्हणून सरकारने शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या जमिनी असतात, तिथे जाता येतं, पण कोयोटीला जखमी सशाच्या आवाजाने जवळ बोलवायचं असतं, आणि तिथे तुमच्या आधी दहा जण येऊन तशी पिपाणी वाजवून गेलेले असतात आणि तिथला कोयोटी शिकलेला असतो. खाजगी शेताची परवानगी मिळवणं हेच खरं काम.

इथे जमीन चौकोनात आखलेली आहे. दर मैलाला रस्ता, आत एक सेक्शन म्हणजे ६४० एकर, त्याचा चौथा भाग क्वार्टर म्हणजे १६० एकर. कुठला क्वार्टर कोणाचा हे फोनवरच्या नकाशा ॲपमध्ये दिसतं. पण नुसतं नाव बघून फोन करू नका, घरी जा. दुपारी जा, साध्या कपड्यात जा, कॅमो (रानात मिसळून जाणारे शिकारीचे कपडे) घालून नको आणि गाडीत बंदूक दिसायला नको. सुगीत जाऊ नका, जूनमध्ये गव्हाची काढणी असते आणि ऑक्टोबरमध्ये मायलो-सोयाबीन, तेव्हा शेतकऱ्याला स्वतःच्या बायकोशी बोलायला वेळ नसतो, तुमच्याशी कुठून बोलणार. डिसेंबर-जानेवारीत निवांत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाई विण्याचा हंगाम, तेव्हा ज्याची वासरं गेलीत तो स्वतःहून हाक मारून बोलावेल.

पहिल्याच वाक्यात सांगा की फक्त कायोट, हरणाला आणि फेझंट पक्ष्याला हात लावणार नाही. हे ऐकलं की निम्म्यांचा चेहरा सैल होतो, कारण हरणाच्या शिकारीसाठी जमीन भाड्याने जाते आणि त्यांना ती भीती असते. काही जण नाही म्हणतील, एक आजोबा मला म्हणाले की कायोट माझे उंदीर खातात, त्यांना राहू दे. बरोबर आहे त्यांचं. हसून थँक यू म्हणायचं आणि निघायचं.

तोंडी परवानगी चालते, पण खांबावर किंवा झाडावर जांभळा रंग मारलेला दिसला तर तिथे लेखीच लागते, तो रंग म्हणजे पाटीच समजा. मी तर सगळीकडेच लेखी घेतो, एक साधा कागद, तारीख आणि सही.

परवानगी मिळाल्यावर विचारायच्या गोष्टी: कुठल्या रानात गुरं आहेत, घरचे कुत्रे किती आणि कसे दिसतात, दुसऱ्या कोणाला परवानगी आहे का, गाडी कुठे लावू. मग नियम असा की फाटक उघडं होतं तर उघडंच ठेवायचं, बंद होतं तर बंद करायचं. ओल्या रानात गाडी घालायची नाही. थंडीत जे हिरवं गवत दिसतं ते गवत नाही, हिवाळी गहू आहे, त्यातून चाकं नेलीत तर ती परवानगी शेवटची. आदल्या रात्री मेसेज टाकायचा की उद्या सकाळी येतोय. आणि दिवाळीला चकली न्यायची, हा नियम माझा स्वतःचा, पण एका घरी आता नोव्हेंबर उजाडला की मेसेज येतो, "ते वेटोळं कधी आणतोस?"

रान वाचायला शिका

पहिले दोन-तीन दिवस बंदूक घरीच ठेवा. पहाटे उजाडायच्या आधी जाऊन नुसतं ऐका. दोन कोयोटी ओरडले तरी दहा असल्यासारखे वाटतात, आकड्याच्या भानगडीत पडू नका, दिशा लक्षात ठेवा. कोयोटी दिवसा बसतो कुठे? ओघळीतल्या झाडोऱ्यात, सीआरपीच्या उंच गवतात (ही सरकारने पैसे देऊन पडीक ठेवायला लावलेली जमीन, १९८५ च्या कायद्यापासूनची), आणि शेल्टरबेल्टमध्ये. शेल्टरबेल्ट म्हणजे १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी माती उडून गेल्यावर वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या ओळी, अजूनही मैलमैल उभ्या आहेत. आणि रात्री फिरतो कुठे? धसकटांत उंदीर-सशांच्या मागे, गुरांच्या आसपास. बांधावरून, शेताच्या कडेने, गाडीवाटेने चालत जाणं त्याला आवडतं, आपल्यासारखंच, काटेकुटे कोणाला हवेत. त्याची विष्ठा वाटेच्या मधोमध पडलेली असते, केसांनी भरलेली. उन्हाळ्यात तुतीच्या किंवा कलिंगडाच्या बियांनी भरलेली पण मिळते, आपल्याकडे कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते इथेही लागू आहे.

वारा

आता मुद्द्याचं. कोयोटी डोळ्यांवर शंका घेतो, कानावर शंका घेतो, नाकावर कधीच नाही. तुम्ही सशाचा आवाज काढलात की तो सरळ येत नाही, लांबून वळसा घालून जिकडे वास वाहत जातो त्या बाजूला येतो आणि तिथून वास घेऊन खात्री करतो. तुमचा वास लागला की संपलं, तुम्हाला तो दिसत पण नाही. माझ्या त्या अकरा फेऱ्या अशाच गेल्या. बाराव्या वेळी बर्फ पडलेलं होतं आणि उठून मागे गेलो तर माझ्या पाठीमागे साठ-सत्तर पावलांवर पायांचे ठसे, येऊन थांबलेला, वळून गेलेला. मी समोर बघत बसलो होतो आणि तो मागून मला हुंगून घरी गेला होता. मला वाटतं आधीचे अकराही तसेच गेले असणार.

वारा बघायला पावडरच्या बाटल्या विकत मिळतात, मला आवडते ती म्हातारी. लहानपणी रुईच्या बोंडातली म्हातारी फुंकून उडवायचो ना, तीच. इथे रस्त्याकडेला मिल्कवीड असतं, रुईच्याच कुळातलं, ऑक्टोबरमध्ये त्याची बोंडं फुटतात, खिसा भरून ठेवा. एक म्हातारी सोडली की ती शंभर-दीडशे फूट कुठे कशी वळत जाते ते दिसतं, पावडर दहा फुटांवर विरते. ओघळीजवळ वारा जमिनीलगत वेगळाच वाहतो हे मला म्हातारीनेच शिकवलं.

बसायचं असं की वारा तुमच्या एका गालावरून दुसऱ्या गालाकडे जाईल, आणि वारा जिकडे जातोय तिकडचं रान उघडं असेल, गहू किंवा बसकी धसकटं. म्हणजे वळसा घालायचा तर त्याला उघड्यावर यावंच लागेल आणि वास लागायच्या आत तो तुम्हाला दिसेल. तो झाडोऱ्यातून येईल असं समजून झाडोऱ्याकडे तोंड करून बसण्याचा मोह होतो, करू नका. वारा अजिबात नसेल तर वास चहूकडे पसरतो आणि ताशी वीस मैलांच्या वर असेल तर आवाजच पोचत नाही, आणि कॅन्ससमध्ये वीसच्या वर असणं हे रोजचंच, तेव्हा हवामान ॲप बघून दिवस निवडा.

जाणं आणि बसणं

गाडी उंचवट्याच्या मागे लावा, दिसणार नाही अशी. दार हळू लोटा, आपटू नका. आणि किल्लीचं बटण दाबून लॉक करू नका! मी केलंय, पहाटे सहा वाजता, उणे दहा डिग्रीत, सगळं शांत, आणि गाडी म्हणाली पीप. त्या दिवशी बसायची पण गरज नव्हती.

तसंच फोन. थंडीत भारत साडेअकरा तास पुढे असतो, म्हणजे इथे सकाळचे साडेसहा तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा, देवाजवळ दिवा लावून झाला की आईला माझी आठवण येते. व्हायब्रेटवर पण नको, बंद.

ओघळीतून, बांधाच्या आडून चालत जा, माथ्यावर उभं राहू नका. पाठीला काहीतरी असू दे, मोठी गोल गवताची गाठ, कुंपणाचा जाड खांब, झाडाचं खोड, म्हणजे तुमची आकृती मोडते. काहीतरी पाठीला पाहिजे, पुढे नाही. सूर्य शक्यतो पाठीमागे, तुम्ही सावलीत. कपडे महागडे कॅमोच पाहिजेत असं नाही, थंडीतलं रान पिवळट तपकिरी असतं, तसला रंग असला की झालं, पण हात आणि तोंड झाका, आपण गोरे नसलो तरी चेहरा चमकतोच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हरणाचा रायफल सीझन असतो तेव्हा नारंगी टोपी आणि जॅकेट घाला, किंवा सरळ घरी बसा, मी घरीच बसतो. खाली बसायला जाड गादी घ्या कारण गार जमिनीवर वीस मिनिटं न हलता बसणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

आवाज

दोन प्रकार. एक तोंडाने फुंकायची पिपाणी, स्वस्त, खिशात मावते. बंद पट्टीवाली घ्या, ती पहिल्या दिवसापासून वाजते. उघड्या पट्टीवालीत आवाज जास्त निघतात पण सराव लागतो, आणि तो सराव गाडीत करा, घरात केला तर बायको हाकलून देईल. दुसरा इलेक्ट्रॉनिक कॉलर, रिमोटवाला स्पीकर. याचा मोठा फायदा म्हणजे तो चाळीस-पन्नास पावलांवर ठेवता येतो, कोयोटीचं लक्ष तिकडे, तुमच्यावर नाही. कॅन्ससमध्ये चालतो.

सुरुवात हळू आवाजात, कारण तो शंभर यार्डांवरच झोपलेला असू शकतो आणि एकदम किंकाळी ऐकून पळेल. सशाचा कळवळण्याचा आवाज अर्धा मिनिट, मग एक-दोन मिनिटं गप्प, मग जरा मोठ्याने. ससा म्हणून काढायचा आवाज हा सूर लावून नाही, जीव जातोय तसा, तुटत तुटत. गप्प बसायच्या वेळी खरंच गप्प बसा, नवखे सतत वाजवत राहतात. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांचा जोडीचा काळ, तेव्हा ससा चालला नाही तरी एकट्या कोयोटीची लांब हाळी चालते, एकदा द्यायची आणि वाट बघायची. शेवटची दोन-तीन मिनिटं पिल्लाच्या रडण्याचा आवाज लावा, नर-मादी दोघंही येतात.

पंधरा-वीस मिनिटं. काही आलं नाही तरी उठण्याआधी चारी बाजू सावकाश बघा, उठतानाच समोर उभा असलेला दिसतो हा सगळ्यांचा अनुभव. मग अर्धा-एक मैल लांब जाऊन दुसरी जागा. आणि एकाच शेतात दर आठवड्याला जाऊ नका, महिनाभर सोडा.

आणि आता बंदूक

.२२३ रेमिंग्टन काडतुसाची रायफल घ्या, बास. धक्का कमी, काडतुसं सगळीकडे मिळतात, आणि पंचवीस-पस्तीस पौंडाच्या जनावराला भरपूर. लोक .२२-२५० आणि .२४३ ची तारीफ करतील, आहेतच चांगल्या, पण नवख्याला जास्त गोळ्या झाडून सराव करायचा असतो. नेम २०० यार्डांवर लावला तर १०० यार्डांवर गोळी साधारण दीड इंच वर लागते, मधे डोकं लावायची गरज नाही. दाट झाडोऱ्यात शॉटगन बरी. टेकू मात्र रायफलइतकाच महत्त्वाचा, दोन काठ्यांचा किंवा तिपाई. रेंजवर टेबलावरून नेम मारून काही कळत नाही, जमिनीवर बसून, टेकूवरून, जाड जॅकेट घालून सराव करा.

चाप ओढण्याआधी दोन प्रश्न. पहिला, हा नक्की कोयोटी आहे का? पळताना कोयोटीची शेपटी खाली असते, कुत्र्याची बहुतेक वर. शंका असेल तर नाही म्हणजे नाही, शेतकऱ्याचा हीलर, म्हणजे गुरं हाकणारा कुत्रा, मारलात तर तुमचं त्या गावातलं खातं बंद. दुसरा, मागे काय आहे? कॅन्सस सपाट आहे, माथ्यावर उभ्या असलेल्या जनावरावर बार केला आणि हुकला तर गोळी मैलभर तरी पुढे जाते, आणि पुढे कोणाचं घर असतं, गुरं असतात, धान्याची कोठी असते. मागे माती दिसल्याशिवाय बार करायचा नाही. मी असे चार-पाच सोडलेत, एकाचंही वाईट वाटत नाही.

येताना तो दुडकत येतो, थांबत नाही. बंदूक आधीच त्या बाजूला वळवून ठेवा, तो एखाद्या बांधाआड गेला की तेवढ्यात हलून घ्या. मग तोंडाने कुत्र्यासारखं एकदा "वुफ" करा, तो थांबून बघतो, दोन सेकंद मिळतात. माझा पहिला असा थांबला होता, चाळीस यार्डांवर, बांधावर, नाकातून वाफ निघत होती, पिवळे डोळे सरळ माझ्यावर, आणि मी हातमोजा चापात अडकवून बसलो होतो. गेला. त्याच्यानंतर उजव्या हाताच्या मोज्याचं पहिलं बोट कापून टाकलं, तुम्ही आधीच कापा. नेम खांद्याच्या जरा मागे. पडला तरी लगेच उठू नका, पिल्लाचा आवाज लावा, बऱ्याचदा जोडीदार असतो. जखमी होऊन गेला तर शोधायचं, कितीही वेळ लागो, दुसऱ्याच्या हद्दीत गेला तर आधी त्याला फोन.

नंतरचं

रबरी हातमोजे घाला. पिसवा असतात, खरूज असते, रेबीजही असू शकतो. शेपटीखालचे, कानामागचे केस झडलेले, कातडी जाड राखाडी झालेली दिसली तर ती खरूज, त्याला हात न लावलेला बरा. मेलाय का हे लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं. शेतकऱ्याला विचारा कुठे टाकू, रस्त्याकडेच्या चरात टाकणारे लोक आहेत आणि त्यांच्यामुळेच बाकीच्यांना परवानगी मिळत नाही. कातडी डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात चांगली असते, पण पैसे मिळतील ही आशा नको. जॅकेटच्या टोपीला लावायला कोयोटीची फर जायची, जॅकेटवाल्या कॅनडा गूज कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि भाव पडले ते पडलेच.

आणि शेतकऱ्याला खोटं सांगू नका की मी तुमचे कायोट संपवतो. सरकारी खातंच देशभरात वर्षाला पन्नास हजारांहून जास्त मारतं, तरी हे आलास्कापासून फ्लोरिडापर्यंत आहेतच. एकाची हद्द मोकळी झाली की दुसरा येतो. वासरं विण्याच्या दिवसांत त्या रानात घुटमळणारा एखादा काढला तर त्या महिन्यापुरता शेतकऱ्याला फरक पडतो, तेवढंच सांगायचं. एप्रिल ते जुलै पिल्लांचे दिवस, कायदा अडवत नाही पण मी जात नाही, कोणाचं वासरू गेलं असेल तर गोष्ट वेगळी.

कोर्सची तारीख आधी बघा, थंडीच्या तोंडावर जागा पटकन भरतात. आणि ऑक्टोबरमध्ये म्हाताऱ्या गोळा करायला विसरू नका, पहिल्या बर्फानंतर मिळत नाहीत.